हौस सर्वांची, सही एकाची

बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्यास हिंवाळ्याच्या अखेरीपासून चैत्रापर्यंत उसाच्या फडांच्या कडेला एखादें मोकळें रान व त्यांत आंखलेल्या सरळ चाकोऱ्या दिसतात. तें बैलगाड्यांच्या शर्यतींचें मैदान. आमच्या कांहीं वाचकांना हा विषय परका वाटेल. परंतु ज्यांच्या घरून गणेशोत्सवाची वर्गणी जाते, किंवा ज्यांचीं मुलें डोंगरावर धांवण्याच्या स्पर्धांना जातात, त्यांचाही या प्रश्नाशीं संबंध आहे, एवढें आरंभींच सांगून ठेवितों.

गेल्या वर्षीं आमचा एक जुना विद्यार्थी कागदांचें बाड घेऊन घरीं आला. इंदापूर तालुक्यांतील एका लहानशा गांवच्या यात्रा-समितीचा तो चिटणीस. "गुरुजी, एवढें वाचून अर्थ सांगा. सही माझ्या एकट्याची व्हायची आहे," असें तो म्हणाला. त्याच्या भीतीस कारण होतें. आदल्या वर्षीं शेजारच्या गांवीं एक जोडी चाकोरी सोडून गर्दींत शिरली व एका वृद्धाचा पाय मोडला. वर्गणी साऱ्या गांवानें दिली होती, गुलालही साऱ्या गांवानें उधळला होता; चौकशीच्या फेऱ्या मात्र एकट्या चिटणिसाच्या वांट्यास आल्या. त्या गांवांत तें पद स्वीकारण्यास आतां कोणी पुढें येत नाहीं.

कागदांत काय होतें, तें थोडक्यांत सांगतों. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यतींवर बंदी घातली. पुढें २०१७ सालीं महाराष्ट्रानें प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या केंद्रीय कायद्यांत राज्यापुरती दुरुस्ती करून स्वतंत्र नियम केले. १६ डिसेंबर २०२१ रोजीं त्या नियमांच्या अधीन राहून शर्यतींस मोकळीक मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. नियमांप्रमाणें पंधरा दिवस आधीं जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा व ५०,००० रुपये अनामत ठेवावयाची. धांव १,००० मीटरांहून अधिक नसावी, बैलांना पशुवैद्याचा दाखला असावा. काठी, चाबूक व विजेचा धक्का हीं वर्ज्य. कायदा मोडल्यास पांच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. शिवाय हयगयीनें मनुष्य दगावल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमान्वयें पांच वर्षांपर्यंत शिक्षा होऊं शकते. जुन्या दंडसंहितेंत ही मर्यादा दोन वर्षांची होती.

यांतील एकही अट आम्हांस गैर वाटत नाहीं. मुक्या जनावरांचे हाल करून मिळविलेला आनंद हा आनंदच नव्हे. परंतु लाखांचीं बक्षिसें लावणाऱ्या मोठ्या मैदानास जी अनामत किरकोळ वाटते, तीच रक्कम शंभर उंबऱ्यांच्या गांवास वर्षाच्या वर्गणीएवढी होते. मग लहान गांवापुढें दोनच मार्ग उरतात: शर्यत बंद करणें, किंवा परवानगीवांचून पहांटे चोरून भरविणें. चोरीच्या शर्यतीस ना पशुवैद्य येतो, ना रुग्णवाहिका. म्हणजे ज्याच्या रक्षणासाठीं नियम केला, तोच अधिक उघडा पडतो.

आणि तरीही नियम नकोतच असें म्हणणाऱ्यांनीं चीनमधील एका शर्यतीचें स्मरण ठेवावें. २२ मे २०२१ रोजीं गान्सू प्रांतांत डोंगरावर १०० किलोमीटर धांवण्याच्या स्पर्धेंत १७२ जण उतरले होते. एकाएकीं गारा, पाऊस व गार वारा सुटला आणि २१ धावपटू थंडीनें गारठून मरण पावले. वारा अडविणारा अंगरखा जवळ बाळगण्याची सक्ती तेथें नव्हती. एक लहानशी अट किती मोलाची असते, तें यावरून समजावें.

गाडीच्या अपघाताचा दोष कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. मनुस्मृतींतील अनेक गोष्टी आज योग्य रीतीनेंच त्याज्य ठरल्या आहेत. परंतु तिच्या आठव्या अध्यायांतील गाडीविषयींचा विचार पाहण्याजोगा आहे. वेसण तुटली, आंस मोडला, चाक निखळलें, किंवा हांकणाऱ्यानें "बाजूस व्हा" असें ओरडून सांगितलें, तर दंड नाहीं. हांकणारा अकुशल असून नुकसान झालें, तर धन्यास दोनशें पण दंड. आणि अशा अकुशलाच्या गाडींत जे बसले, त्यांनाही प्रत्येकीं शंभर. ज्यानें काळजी घेतली तो सुटतो, आणि जे गाडींत बसले ते सारे वांटेकरी होतात, हें त्यांतील मर्म.

तेंच आम्हीं त्या विद्यार्थ्यास सांगितलें. "सही कर, पण गांवास गाडींत बसव." त्यानें शेजारच्या दोन गांवांना बरोबर घेऊन तिघांचें एकच मैदान ठरविलें, अनामत तिघांत वांटली गेली. गर्दी, चाकोऱ्या, बैलांची तपासणी आणि जखमींची व्यवस्था अशीं चार कामें चौघांच्या नांवें लिहून त्यांच्या सह्या घेतल्या. गाड्यांची संख्या निम्म्यावर आणली, त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या.

सरकारानेंही अनामत मैदानाच्या आकाराप्रमाणें ठरवावी, अशी आमची नम्र सूचना आहे. पैशाचें ओझें ऐपतीप्रमाणें कमीअधिक व्हावें. काळजीचें मात्र लहानमोठ्यांस सारखेंच असावें.

शर्यतीच्या दिवशीं आम्ही तेथें होतों. तिसऱ्या प्रहरीं एक जोडी उधळली आणि आडव्या लावलेल्या ट्रॉल्यांपाशीं येऊन थांबली. ट्रॉल्यांच्या मागें शाळेचीं मुलें उभीं होतीं. चिटणीस आमच्याकडे पाहून कांहीं बोलला नाहीं. टोपी काढून त्यानें कपाळावरचा घाम पुसला. वाचकहो, पुढील खेपेस कोणी वर्गणी मागण्यास आला, तर पैशाबरोबर एखादें कामही आपल्या नांवावर लिहून घ्या.