मूल गुटगुटीत, पण निरोगी?

मूल गुटगुटीत म्हणजे ते निरोगी, अशी आपल्याकडे फार दिवसांची समजूत आहे. एके काळी शहरोशहरी गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा भरत आणि बाळसेदार बाळे कौतुकाने बक्षीस घेऊन घरी येत. आजही दिवाळीच्या फराळाला बसलेल्या नातवाच्या ताटलीत आजी आणखी एक लाडू ठेवते, तो याच समजुतीने. आजीच्या मायेला कोण नावे ठेवील? पण समजूत मात्र एकदा तपासून पाहायला हवी. त्यासाठी मुंबईहून लोकलने दोन-सव्वादोन तासांत गाठता येणाऱ्या कर्जतपर्यंत गेले तरी पुरे.

माथेरानला जाताना किंवा बोरघाट चढताना कर्जत आणि खालापूर हे तालुके आपण खिडकीतून पाहिलेले असतात. एकीकडे कर्जत-खोपोलीच्या नव्या इमारती आणि मुंबईकरांची फार्महाउसे. दुसरीकडे डोंगराच्या कुशीतल्या ठाकूरवाड्या आणि कातकरवाड्या. एकाच मुलखात दोन तऱ्हांचे बालपण वाढत आहे.

वाडीवरचे पोर दिवस उजाडल्यापासून उंडारते. पहिल्या पावसात वलगणीचे मासे, मग चिंबोऱ्या, पुढे करवंदे-जांभळे, शिवाय गुरांमागची पायपीट. व्यायामाची त्याला ददात नाही; ददात आहे ती अन्नाची. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे पोट ते केवढे! पातळ पेजेने ते तेव्हाच भरते, पण अंगी लागण्याजोगे त्यात थोडेच असते. अशा मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे, आणि त्यात डाळ, अंडे, मासळी, चमचाभर तेल असे खायला हवे. आई दिवसभर मजुरीवर असेल, तर ते भरवणार कोण?

आणि इथेच दिवाळीचा संबंध येतो. आपले फराळाचे डबे रिकामे होतात, त्या सुमारास पुष्कळ कातकरी कुटुंबे बिऱ्हाड पाठीशी मारून वीटभट्ट्यांची आणि कोळशाच्या भट्ट्यांची वाट धरतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. महाराष्ट्रात विशेष दुर्बल म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी कातकरी ही एक. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून वाडीवाडीवर अंगणवाडी आली. तिथे मुलाला आहार मिळतो, त्याचे वजन होते, पट्टीने दंडाचा घेर मोजला जातो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा हा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित समजतात. त्याच्या जिवाला धोका असतो. पण मूलच भट्टीवर गेले, म्हणजे पट्टी कोणाच्या दंडाला लावायची?

आता आपल्या घरात डोकावू. इथे ताट भरलेले आहे, पण पाय थांबलेले आहेत. मूल लिफ्टने उतरते, बसने शाळेत जाते, शिकवणीहून परतून मोबाईल घेऊन बसते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेलसे हालावे-खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्यापैकी किती घरांत हा तास सापडेल? २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या शंभर मुलांत जादा वजनाची सुमारे दोन होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती चार झाली. त्याच पाहणीत वयाच्या मानाने खुजी मुले शंभरात पस्तीस निघाली.

ही दोन दुखणी वेगवेगळी, असे मात्र समजू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपली बाळे हडकुळी दिसली, तरी त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. अशा मुलाचे वजन पुढे झपाट्याने वाढले, तर मोठेपणी मधुमेहाची भीती अधिक. म्हणजे वाडीवरच्या रोडक्या पोराला केवळ फुगवून भागणार नाही. पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्या आता वाड्यावस्त्यांच्या दुकानांतही लटकतात; त्यांनी भूक मरते, पोषण होत नाही.

मग करावे काय? लाडू बंद करू नका. लाडवानंतर मुलाला मैदानावर पिटाळा. वजनाबरोबर उंचीही मोजा. एकट्या वजनावरून काही ठरत नाही. घरात गर्भवती लेकसून असेल तर तिचे ताट आधी पाहा, कारण बाळाची प्रकृती तिथूनच घडू लागते. आणि सुट्टीत फार्महाउसच्या वाटेवर वीटभट्टी लागली आणि तिथे लहान मुले दिसली, तर दहा मिनिटे थांबा. त्यांची नावे जवळच्या अंगणवाडीत घातली आहेत का, एवढे विचारा. नसतील, तर तिथल्या अंगणवाडीताईंच्या कानावर घाला. बाहेरगावाहून आलेल्या मुलांचीही नोंद तिथे करता येते.