‘स्वेच्छा’ मोजायची कशी?

कंपन्यांची पुनर्रचना आणि नोकऱ्या या विषयावर पीएचडी करायची आहे, सुरुवात कुठून करू, असं बरेच जण विचारतात. मी म्हणते, सिद्धांत नंतर. आधी एका सरकारी योजनेतला एकच शब्द पकडा आणि त्याच्या मागे लागा.

दादरच्या वीर सावरकर मार्गावर टेलिफोन हाऊस आहे. एमटीएनएलचं. १९८६ साली दिल्ली आणि मुंबईसाठी काढलेली ही कंपनी. २३ ऑक्टोबर २०१९ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या पुनरुज्जीवनाचं पॅकेज मंजूर केलं. त्यातच व्हीआरएस होती, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. वय ५० पूर्ण हवं, अर्ज ३ डिसेंबरपर्यंत. ३१ जानेवारी २०२० ला एमटीएनएलमधून १४ हजारांहून जास्त माणसं एकाच दिवशी बाहेर पडली.

आता ‘स्वेच्छा’ बघा. सूत्र असं: झालेल्या सेवेच्या दरवर्षी ३५ दिवसांचा पगार, उरलेल्या दरवर्षी २५ दिवसांचा. बाकीच्या अटी बाजूला ठेवून गणित करू. ५८ वर्षांचा, ३५ वर्षं सेवा झालेला माणूस: १२२५ अधिक ५०, म्हणजे १२७५ दिवस. थांबला असता तर उरलेल्या दोन वर्षांचे ७३० दिवस. ५० वर्षांचा, २७ वर्षं सेवेचा: ९४५ अधिक २५०, म्हणजे ११९५ दिवस. आणि सोडतो काय? दहा वर्षांचा पगार! पेन्शन धरलं तरी दोघांची सही सारखी नाही. अहवालात मात्र दोघंही एकाच रकान्यात.

त्यात २०१९ मध्ये पगार उशिरा होत होते, निवृत्तीचं वय ५८ करतील अशी कुजबुज होती. मग तरुण अर्जदाराने पॅकेज निवडलं की अनिश्चितता टाळली? माझ्या मते खरा प्रबंध इथे आहे. वयोगटानुसार आकडे मागा, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. कंत्राटी कामगार या यादीत मुळातच नाहीत, तेही विसरू नका.

मुलाखतींसाठी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं गिरणगावच्या मौखिक इतिहासाचं २००४ चं पुस्तक वाचा. परळ-लालबागची माणसं तिथे स्वतः बोलतात. आणि ‘व्हीआरएस का घेतली?’ असं थेट विचारू नका, ठरलेलं उत्तर मिळतं. फॉर्म कधी भरला, त्याआधी घरी कोणाशी बोललात, असं विचारा आणि गप्प बसा.