गाडीला इन्शुरन्सच नाही, मग भरपाई कोण देणार?

‘केस कशाला करता? दवाखान्याचा खर्च देतो की आम्ही!’ धडक देणाऱ्याकडून असा निरोप आला, की आधी एकच विचारा. गाडीचा इन्शुरन्स चालू आहे का?

असेल तर भरपाई कंपनी देते. नसेल तर मालकानं आणि ड्रायव्हरनं खिशातून द्यायची. पण ज्यानं वर्षाचा साधा हप्ता भरला नाही, तो लाखो रुपये कुठून आणणार? कोर्टाचा निकाल तुमच्या बाजूनं लागतो आणि पैसे काही येत नाहीत, असं इथंच होतं.

म्हणून पोलीस स्टेशनच्या आवारात धूळ खात उभी असलेली ती गाडी महत्त्वाची. विमा नसलेल्या गाडीनं अपघात केला, तर मालकानं पुरेसं तारण दिल्याशिवाय कोर्टानं ती सोडायची नाही. 3 महिन्यांत तारण आलं नाही, तर गाडीचा लिलाव करायचा आणि रक्कम दावा न्यायाधिकरणात जमा करायची. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सगळ्या राज्यांना असा नियम करायला सांगितलं, 2022 पासून तो केंद्राच्या नियमांतच आहे. ‘आमची तक्रार नाही’ असं लिहून सही केली, की हे सगळं हातचं जायची भीती असते. दहा-वीस हजारांत मिटवणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं.

उमरग्यातून सोलापूर-हैदराबाद हायवे जातो, कर्नाटकची हद्द जवळच. समोरची गाडी केए 38 पासिंगची निघाली, अपघात पलीकडे झाला, तरी घाबरायचं कारण नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे धाराशिवच्या न्यायाधिकरणात दावा टाकता येतो. कायद्यातली मुदत मात्र 6 महिन्यांची, त्यामुळे वकील लवकर गाठा. ‘पोरगं शिकतंय, कमवत नाही, मग कसली भरपाई?’ हेही चूक. विद्यार्थ्याचं उत्पन्न कोर्ट अंदाजानं धरतं, आणि मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 15 ते 25 वयासाठी वार्षिक आकड्याला 18 नं गुणतात.

निकालानंतरही मालक पैसे देत नसेल, तर न्यायाधिकरण कलेक्टरला दाखला पाठवतं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. गावाकडच्या भाषेत, गोष्ट सातबाऱ्यापर्यंत जाते. वेळ लागतो, खरंय. तातडीच्या उपचारांसाठी मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. ठरवून दिलेल्या दवाखान्यात 7 दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार, गाडीला विमा असो वा नसो.

आता जरा कॉलेजच्या पार्किंगकडे बघू. सप्टेंबर 2018 पासून नव्या टू-व्हीलरला 5 वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. नंतर तो गुपचूप संपतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. तारीख एम-परिवहन ॲपवर दिसते. पोलिसांनी पकडलं तर पहिल्या वेळी दंड 2 हजार किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद. पण कुणाला धडक बसली तर वसुली आरसीवर ज्याचं नाव त्याच्याकडून, आणि आपल्यातल्या बहुतेकांच्या आरसीवर वडिलांचं नाव असतं.

गाडी विकली असली तरी नाव ट्रान्सफर केलं का, ते बघा. 2018 च्याच एका खटल्यात कार एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे विकत गेली होती. सर्वोच्च न्यायालयानं भरपाई भरायला लावली ती कागदावर नाव राहिलेल्या पहिल्या मालकाला.