पेट्रोल पारखून घ्या!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतला एक तरुण पहाटे साडेपाचला मोटारसायकल घेऊन कामावर निघाला आणि सव्वासहाला तीच मोटारसायकल ढकलत घरी परत आला. बोईसरच्या कारखान्यात तो कंत्राटी कामगार आहे. कासा सोडून चारोटीच्या अलीकडे पोहोचतो न पोहोचतो तोच गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. त्या दिवसाचा खाडा झाला. कंत्राटी माणसाचा खाडा म्हणजे रोज बुडाला, वर मुकादमाचे चार शब्द ऐकायचे ते वेगळेच.

मेकॅनिकने टाकी उतरवली आणि आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतले. थोड्या वेळाने बाटलीत दोन थर स्पष्ट दिसू लागले. वर पेट्रोल आणि खाली पाण्यासारखे काहीतरी. भोवती जमलेल्या मंडळींनी लगेच निकाल देऊन टाकला. एकजण म्हणाला, "पंपवाल्याने रॉकेल मारलंय." दुसरा म्हणाला, "छे, सरकारच आता पेट्रोलमध्ये दारू मिसळतंय." तो पोरगा माझ्याकडे आला तेव्हा एवढेच म्हणाला, "काका, तक्रार कुठं करायची ते सांगा."

तक्रार करायची खरी, पण कोणाविरुद्ध? ते ठरवायचे तर पेट्रोलमध्ये काय असते आणि काय असू नये हे आधी समजले पाहिजे. वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आता एखादी दुचाकी आहे. कुणाचा मुलगा रिक्षा चालवतो, कुणाची इको गाडी डहाणू-जव्हार रस्त्यावर धावते. महिन्याच्या खर्चात धान्याखालोखाल पेट्रोलचा आकडा येतो. तांदूळ घेताना आपण मूठभर हातावर घेऊन खडे पाहतो. पेट्रोल मात्र डोळे झाकून घेतो.

आधी रॉकेलचे बोलू. माझ्या पिढीच्या लोकांना रेशनचे निळे रॉकेल आठवत असेल. डबा घेऊन आईबरोबर रांगेत उभे राहायचे आणि नंबर आला की दुकानदार म्हणायचा, "संपलं, पुढच्या आठवड्यात या." ते रॉकेल जायचे कुठे? गरिबांना स्वस्त मिळावे म्हणून सरकार त्यावर अनुदान देत होते. रॉकेल आणि पेट्रोल-डिझेल यांच्या भावात मोठी तफावत होती आणि ती तफावत हीच काळ्या बाजाराची कमाई. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने २००५ साली जो अभ्यास केला त्यात रेशनचे सुमारे ३८ टक्के रॉकेल भलतीकडे वळते असे आढळले. त्यातला मोठा भाग भेसळीत जात होता. म्हणजे आपल्या घरातला दिवा विझवून कुणाची तरी टाकी भरली जात होती.

ही टोळी काय करू शकते हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडी येथून जात होते. तेथे तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. एका ढाब्यामागे टँकरमधून चाललेला गैरप्रकार त्यांच्या नजरेस पडला. मान फिरवून पुढे जाणे त्यांना सहज शक्य होते. ते गाडीतून उतरले आणि त्यांनी हरकत घेतली. तेल माफियांनी त्यांना भर दिवसा जिवंत जाळले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्यानंतर राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले, ठिकठिकाणी छापे पडले. त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा असाच खून झाला होता. भेसळीबद्दल त्यांनी एका पंपावर कारवाई केली होती. वय अवघे २७. आज पेट्रोल शुद्ध मिळत असेल तर त्यामागे अशी माणसे आहेत.

रॉकेलवरचे अनुदान पुढे हळूहळू संपले, घरोघरी गॅस आला. भेसळीचे हे कारण बरेच कमी झाले, पण भेसळ संपली असे मी म्हणणार नाही. रॉकेलखेरीज स्वस्त द्रावणेही मिसळता येतात. रॉकेल पेट्रोलइतके सहज जळत नाही. इंजिनात काजळी धरते, प्लग काळा पडतो, धूर वाढतो. हायवेच्या कडेला ज्यांची घरे आहेत त्यांच्या मुलाबाळांच्या छातीत तो धूर जातो.

आता शुद्ध म्हणजे काय? पेट्रोलला भारतीय मानक ब्युरोचे मानक आहे, त्याचा क्रमांक आयएस २७९६. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत असत. शिसे म्हणजे विष, लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालणारे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचेच पेट्रोल विकले जाऊ लागले. मग गंधक कमी करण्यात आले. भारत स्टेज-३ मध्ये दहा लाख भागांत १५० भाग गंधक चालत होते, स्टेज-४ मध्ये ५० आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज-६ मध्ये फक्त १०. एवढी सुधारणा होऊनही तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. चांगल्या गोष्टीची बातमी होत नाही हेच खरे.

पंपावर 'स्पीड', 'पॉवर', 'एक्सपी ९५' अशा नावांनी महाग पेट्रोल मिळते. पोरे विचारतात, ते घ्यावे का? त्यात मळ काढणारी रसायने असतात. आपल्या घरातला साबणच समजा. साबणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. तसेच या रसायनाचे एक टोक धातूला आणि घाणीला चिकटते, दुसरे पेट्रोलमध्ये विरघळते. त्यामुळे इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर थर बसत नाही. नव्या, इंजेक्टरच्या गाडीला त्याचा उपयोग आहे. दहा-बारा वर्षे जुन्या कार्बोरेटरच्या मोटारसायकलला त्यासाठी दर लिटरमागे जादा पैसे मोजणे म्हणजे, माझ्या मते, पैसे वाया घालवणे. त्यापेक्षा एअर फिल्टर वेळेवर बदला.

आता ती 'दारू'. इथेनॉल म्हणजे मद्यार्क हे खरे, पण हा जवळजवळ पूर्ण निर्जल असतो आणि पिण्यालायक नसतो. (पंचशीलातले पाचवे शील गाडीला लागू आहे का, असे एका उपासकांनी विहारात विचारले, तेव्हा भन्तेजीसुद्धा हसले.) या प्रयोगाची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. २००१ साली पाच टक्के मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली येथे झाले. २००३ पासून नऊ राज्यांत ते लागू झाले. पुढे कित्येक वर्षे काम रखडले. जून २०२२ मध्ये देश दहा टक्क्यांवर पोहोचला, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये ते मिश्रण सर्वत्र आले. त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

इथेनॉलचा गुण असा की ते इंजिनातले ठोके थांबवते, म्हणजे पूर्वी शिशाकडून जे काम करून घेत होते ते विषाशिवाय होते. परदेशी तेलाचा खर्चही वाचतो. दोष दोन. पहिला, लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे की जुन्या पद्धतीच्या दुचाकीचे मायलेज वीस टक्के मिश्रणाने ३ ते ४ टक्के आणि चारचाकीचे ६ ते ७ टक्के घटू शकते. मी बी.कॉम. माणूस, हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. लिटरला ५० किलोमीटर देणारी गाडी, रोज जाऊन-येऊन ६० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस. चार टक्के घट धरली तर महिन्याला १.३ लिटर जास्त. पेट्रोल शंभराच्या वर आहे, म्हणजे १३०-१३५ रुपये. साहेब लोकांना हा आकडा हसण्यासारखा वाटेल. आमच्याकडे तेवढ्यात मुलांच्या वह्या येतात. इथेनॉल मिसळले म्हणून पंपावरचा भाव उतरलेला नाही. इथेनॉलची खरेदी किंमतच पेट्रोलच्या मूळ किमतीहून जास्त झाली आहे, असे सरकारने २०२५ मध्ये स्वतः सांगितले.

दुसरा दोष पाण्याचा. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी असेल तर ते मिश्रणात जिरते. दहा टक्के इथेनॉल असलेले दहा लिटर पेट्रोल साधारण एका कटिंग चहाएवढे पाणी पोटात घेऊ शकते, वीस टक्क्यांचे त्याहून थोडे जास्त. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीचा कॉक तळाजवळूनच ओढतो. इंजिनाला पेट्रोलऐवजी पाणी-इथेनॉल मिळते आणि गाडी आचके देते. बाटलीतला खालचा थर तो हाच.

तरीही पंपाची खात्री करायला आम्ही दोघे गेलो. तेथल्या कामगाराने आधी "साहेब नाहीत" म्हणून टोलवले. मी शांतपणे म्हणालो, "साहेब नसले तरी फिल्टर पेपर असेलच." प्रत्येक पंपावर हा कागद ठेवणे बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितल्यावर द्यावाच लागतो. नोझलचे तोंड पुसून एक थेंब कागदावर टाकायचा. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जाते. रॉकेल असेल तर तेलकट डाग राहतो. आमचा कागद कोरा झाला. मग घनता पाहिली. टँकर आला त्या वेळची घनता वहीत लिहिलेली असते. पंधरा अंश तापमानाला आणून मोजलेली घनता तिच्यापेक्षा घनमीटरला ३ किलोहून जास्त कमी-अधिक नसावी. तीही जुळली. पाच लिटरचे शिक्क्याचे मापही मागता येते. ते जरूर मागा, कारण २०१७ साली ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यातल्या अनेक पंपांवर छापे घातले तेव्हा यंत्रात फेरफार करून कमी पेट्रोल देण्याचे प्रकार उघड झाले होते. पेट्रोल शुद्ध आणि माप खोटे! दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात तुलाकूट, कंसकूट आणि मानकूट म्हणजे खोटा तराजू, खोटा धातू आणि खोटे माप यांपासून दूर राहण्याचे सांगितले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीही गिऱ्हाइकाला असेच लुबाडत होते म्हणायचे.

त्या पंपाचा दोष नव्हता, हे मी इथे मुद्दाम लिहितो. मोटारसायकल पाच दिवस उघड्यावर, आपल्या कासा-तलवाड्याच्या पावसात उभी होती आणि टाकीच्या झाकणाचे रबर फाटले होते. पाणी झाकणातून शिरले. पूर्वीच्या पेट्रोलमध्येही ते तळाशी बसलेच असते, पण इथेनॉलने आधी ते जिरवले, मग एकदम सोडले, आणि स्वतःही त्याच्याबरोबर खाली उतरले. पण एक प्रश्न मी सोडणार नाही. जुन्या गाडीच्या मालकाला हे सांगायचे कोणी? पंपावर दुसऱ्या साध्या पेट्रोलची सोय नाही, आणि झाकण, रबरी नळ्या, कॉक तपासून घ्या असा एक मराठी फलकही मला दिसला नाही. माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने लक्षात ठेवावी. इथेनॉल केवळ उसातून येत नाही, मका आणि तांदळातूनही येते. अन्न महामंडळाच्या गोदामातला तांदूळ इथेनॉल कारखान्यांना देण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये भाव क्विंटलला २,८०० वरून २,२५० रुपयांवर आणला गेला आणि त्या हंगामासाठी ५२ लाख टनांपर्यंत तांदूळ ठरविला गेला. गोदामे भरलेली आहेत हे मान्य. पण रेशनवर माणशी पाच किलोवर महिना काढणाऱ्या घराने या आकड्याकडे लक्ष ठेवायला नको का? आणि साखर कारखान्यांना इथेनॉलचे पैसे मिळाले तेव्हा फडात कोयता चालवणाऱ्या ऊसतोड मजुराच्या हाती किती आले, हेही कुणीतरी विचारले पाहिजे.

तलासरीकडचे बरेच चालक सीमा ओलांडून गुजरातेत टाकी भरतात, कारण करामुळे तिकडे लिटरला आठ-नऊ रुपये कमी पडतात. त्यात गैर काही नाही. पण पाड्यावरच्या दुकानातून बाटलीतले सुटे पेट्रोल घेऊ नका. विक्रीसाठी पेट्रोल साठवायला परवाना लागतो. त्या बाटलीत काय आहे याचा पत्ता नाही आणि घरात चूल पेटलेली असते.

तक्रार करायची तर पंपावर तक्रार वही असते आणि तेल कंपनीच्या अधिकाऱ्याचा नंबर लावलेला असतो. मापाची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे, भेसळीची तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेकडे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. मात्र पावती हवी. "पन्नासाचं टाक" म्हणून निघून जाणाऱ्याकडे पावती नसते आणि पावतीशिवाय भांडण उभे राहत नाही.

त्या पोराने झाकणाचे रबर बदलले, टाकी धुऊन घेतली आणि गाडीवर प्लॅस्टिक टाकू लागला. परवा तो एकटाच पंपावर गेला आणि फिल्टर पेपर मागितला. कामगाराला तीन खण उघडावे लागले. तिसऱ्यात सापडला.