काटा पावतीत न दिसणारं वजन

गाळपाचा हंगाम सुरू झाला की परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडचे रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरून जातात. गोदावरीकाठचा आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचा ऊस रात्रंदिवस कारखान्यांच्या गव्हाणीकडे निघतो. ट्रॉलीच्या कठड्यांवरही मोळ्या रचलेल्या असतात. अशा ट्रॅक्टरपुढे चढ आला की पुढची चाकं हलकी होतात, कधी वीतभर उचलतातही. चालक स्टिअरिंग फिरवतो, पण ट्रॅक्टर सरळच जात राहतो.

कारखान्याच्या काट्यावर ट्रॉलीत किती टन ऊस आहे ते कळतं. त्यातलं किती वजन ट्रॅक्टरच्या हुकावर बसलं आहे, हे मात्र काटा पावतीत कुठेच येत नाही. पुढची चाकं उचलून होणाऱ्या अपघाताचा संबंध याच न मोजलेल्या वजनाशी असतो.

बैलगाडी हाकणाऱ्यांना ही गोष्ट अंगवळणी पडलेली होती. माल पुढे जास्त झाला तर गाडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर ओझं येतं. मागे जास्त झाला तर ती उलाळते, जू वर उचललं जातं. म्हणून गाडीवान दोन पोती पुढे-मागे सरकवून, जू हाताने तोलून पाहायचा आणि मगच बैल जुंपायचा. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. तो मान हलवत नाही, थांबत नाही, तक्रार करत नाही. त्यामुळे जू तोलून पाहायची सवयही मागे पडली.

हिशेब अवघड नाही. दोन चाकांची ट्रॉली आपलं थोडं ओझं हुकावर टाकते. समजा, ट्रॅक्टरचं वजन 2,000 किलो आहे, त्यातले 800 किलो पुढच्या चाकांवर आहेत आणि पुढच्या-मागच्या आसांमध्ये 2 मीटर अंतर आहे. हूक मागच्या आसाच्या 60 सेंटिमीटर मागे आहे. हुकावर 500 किलो आले, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचे 150 किलो कमी होतात आणि मागच्या चाकांवर 650 किलो वाढतात. त्यात चढावर ट्रॉली मागे ओढते. हूक जमिनीपासून अर्धा मीटर उंच असेल आणि ओढ 500 किलोची असेल, तर पुढचे आणखी 125 किलो जातात. 800 पैकी उरतात 525. मोळ्या ट्रॉलीच्या पुढच्या भागात जास्त रचल्या आणि हुकावरचं ओझं दुप्पट झालं, तर उरतात 375 किलो. इतक्या हलक्या चाकांवर वळण घेणं धोक्याचं आहे. चार चाकांच्या ट्रॉलीचं ओझं तिच्याच चाकांवर राहतं, हुकावर जवळजवळ येत नाही. तिथे ओढ आणि ब्रेक हे प्रश्न मोठे असतात.

हाच प्रश्न अमेरिकेत कारमागे राहण्याची खोली ओढणाऱ्या लोकांनाही पडला. तिथे 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणजे पलंग, स्वयंपाकघर, पाण्याची टाकी असलेलं फिरतं घर. महाराष्ट्रानेही 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे अशी वाहनं आपल्याकडेही अनोळखी राहणार नाहीत. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के ओझं हुकावर असावं, असा अमेरिकेतला दंडक आहे. त्याहून फार कमी झालं तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोले खाऊ लागतो. पुरेसं ठेवलं तर कारचा मागचा भाग खाली बसतो, पुढचा वर येतो. स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्ही कमजोर होतात, आणि हेडलाइट समोरच्या माणसाच्या डोळ्यांवर येतात.

यावर 'वेट डिस्ट्रिब्युशन हिच' नावाचं साधन वापरतात. कारमागच्या हुकाला पोलादाचे दोन लवचिक दांडे जोडलेले असतात. ते ट्रेलरच्या सांगाड्याखाली मागे जातात आणि त्यांची टोकं साखळीने वर ताणून बांधतात. हातगाड्याचे दांडे उचलले की त्याचं नाक खाली दबतं, तसंच इथे घडतं: दांडे वर ताणले की कारचा पुढचा भाग खाली दबतो. समजा, हुकावरच्या 300 किलोंमुळे पुढच्या चाकांवरचे 120 किलो गेले आणि मागच्या चाकांवर 420 किलो आले. दांडे नीट ताणले तर पुढच्या चाकांवर 60 किलो परत येतात, ट्रेलरच्या चाकांवर 40 जातात आणि मागचा भार 100 किलोंनी उतरतो. ओझं तेवढंच राहतं, फक्त त्याची वाटणी बदलते. म्हणून या साधनाने कारची ठरलेली ओढण्याची कमाल मर्यादा वाढत नाही.

ते बसवण्याची रीत मेहनतीची आहे. प्रवासात जेवढं सामान आणि पाणी असेल तेवढं भरून, टायरमध्ये ठरलेली हवा ठेवून, दोन्ही वाहनं सपाट जमिनीवर उभी करतात. कारच्या पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजतात: आधी ट्रेलरशिवाय, मग ट्रेलर अडकवून पण दांडे न ताणता, शेवटी दांडे ताणून. समजा पहिली उंची 80 सेंटिमीटर आहे आणि ट्रेलर अडकवल्यावर ती 84 झाली. दांडे ताणल्यावर ती 82 च्या आसपास यावी, म्हणजे वाढलेल्या उंचीपैकी निम्मी तरी परत मिळावी. नेमकं प्रमाण वाहनाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. कमी पडलं तर साखळीची एक कडी आवळतात किंवा हुकाच्या डोक्याचा कोन बदलतात. फार आवळलं तर मागच्या टायरची पकड सुटते. शेवटी वजनकाट्यावर एकेक आस वेगळा तोलून खात्री करतात.

ट्रॅक्टरला हे दांडे लावता येत नाहीत आणि लावण्याची गरजही नाही. पण कार आणि ट्रॅक्टर यांच्यातला एक फरक समजून घेतला पाहिजे. कारच्या मागे स्प्रिंग असते, त्यामुळे जास्त ओझं झालं की ती खाली बसलेली डोळ्याला दिसते. ट्रॅक्टरच्या मागच्या आसाला स्प्रिंगच नसते. टायर थोडा दबतो, बाकी काही दिसत नाही, आणि चूक चढावर पोहोचल्यावरच कळते. जिंतूरच्या डोंगराळ रस्त्यांवर ती फार महागात पडते.

उपाय मात्र जवळचे आहेत. दोन चाकांच्या ट्रॉलीत जड माल चाकांच्या आसाभोवती भरावा. सोयाबीनची पोती मोजून ठेवता येतात. उसाच्या मोळ्या पुढच्या फळीवर दाबून रचण्याची घाई टाळावी. कापूस हलका असतो, पण ढीग उंच गेला की ट्रॉली कलंडते. ट्रॉली खालच्या हुकालाच जोडावी. साखळी वरच्या लिंकला बांधली की ओढ उंचावते आणि ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. ट्रॅक्टरच्या पुढे बसवायची वजनं बहुतेक कंपन्या देतात, ती लावावीत. हुकाच्या पिनेला लॉक असावा, आणि रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवलेले असावेत. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणून उतारावर गिअर आधीच खालचा टाकावा, नाहीतर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलून आडवी करते.

आणि एकदा तरी हुकावरचं ओझं तोलून पाहावं. आधी एकटा ट्रॅक्टर काट्यावर घ्यावा. मग भरलेली ट्रॉली जोडून, तिची चाकं काट्याबाहेर ठेवून, पुन्हा ट्रॅक्टर तोलावा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकावरचं ओझं. त्यानंतर फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली की स्टिअरिंगसाठी किती वजन उरलं तेही कळतं. परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, त्याचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि कारखान्यांकडे काटे आहेतच. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक वाहतूकदाराच्या ट्रॅक्टरची अशी तोलणी मोफत करून तो आकडा चालकाच्या हातात द्यायला कारखान्यांना फारसा खर्च येणार नाही.