काळ्या मातीचा हिवाळा

पौषातल्या पहाटे गावकुसाबाहेरच्या उकिरड्यावरून निघणारी वाफ ज्याने पाहिली आहे, आणि लहानपणी कुतूहलाने त्या ढिगात हात खुपसून आतली ऊब अनुभवली आहे, त्याला कुजणे हेही एक मंद ज्वलनच आहे ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. शेण, चिपाडे, उष्टा कडबा यांच्या त्या ढिगात असंख्य सूक्ष्मजीव अन्न खात असतात, श्वास घेत असतात, आणि त्या श्वासाची उष्णता आतल्या आत कोंडून राहिल्यामुळे बाहेर गवतावर दहिवर पडले असले तरी त्यांचा उन्हाळा चालूच राहतो. तोच कडबा ढीग न करता शेतभर पसरून दिला, तर मात्र प्रत्येक ताटाची ऊब जिथल्या तिथे वाऱ्यावर निघून जाते आणि सूक्ष्मजीवांना बाहेर असेल त्या तापमानात आपला निर्वाह करावा लागतो. ते तापमान पाण्याचा दगड करणारे असेल तर काय होते, हा प्रश्न आपल्या शेतकऱ्यापुढे सहसा येत नाही. ईशान्य चीनमधील शेतकऱ्यापुढे तो दरसाल, ठरलेल्या मुदतीत, उभा राहतो.

हैलोंगज्यांग, जिलिन आणि ल्याओनिंग या तीन प्रांतांचा मुलूख म्हणजे चीनचे मक्याचे कोठार. तिथे ऑक्टोबरात कणसे खुडली जातात, नोव्हेंबरात जमीन गोठू लागते, जानेवारीत हार्बिन शहराचे सरासरी तापमान उणे 18 अंश सेल्सियसच्या आसपास असते, आणि पुन्हा पेरणीला हात घालायचा तो एप्रिल सरताना किंवा मे महिन्यात. दरम्यान शेतात उरतात ती मक्याची पुरुषभर उंचीची, बोटाहून जाड, वरून चकचकीत सालीची ताटे. हेक्टरी कित्येक टन. ती वसंतातही तशीच पडून असली, तर पेरणीयंत्राच्या फाळात गुंततात, बियाणे मातीला न टेकता ताटावर अधांतरी राहते, आणि त्या आच्छादनाखाली माती ओली व थंड राहिल्याने उगवण लांबते. म्हणून शेतकरी काडी लावीत आला. 2013 च्या ऑक्टोबरात, शहरातील सार्वजनिक तापयंत्रणा सुरू होण्याची वेळ आणि शेते पेटण्याची वेळ एकच आल्याने, हार्बिनवर धुराचा असा थर बसला की शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि विमानतळाचे कामकाज थांबले.

जाळायचे नाही तर कुजवायचे. आणि ते थंडीत इतके अवघड का, हे समजण्यासाठी ताटाच्या आत डोकावले पाहिजे. त्याचा मोठा भाग सेल्युलोजचा, म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कणांनी गुंफलेल्या लांबच लांब साखळ्यांचा; त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोजचे वेटोळे; आणि या दोहोंना घट्ट जखडून ठेवणारे, सहजासहजी कोणाच्या पचनी न पडणारे लिग्निन. जिवाणूला किंवा बुरशीला हे घन अन्न गिळता येत नाही. तिला आपली विकरे अंगाबाहेर सोडून आधी ते तिथल्या तिथे फोडावे लागते, आणि मग विरघळलेली साखर शोषून घ्यावी लागते. तापमान दहा अंशांनी उतरले की अशा क्रियांचा वेग साधारणतः निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्शावर येतो. त्यातच पेशीच्या आवरणातील स्निग्ध द्रव्य थिजू लागते, आणि साखर समोर असूनही आत घेण्याची वाट आखडते.

आपल्या फडताळात हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजते, पण शेजारचे करडईचे तेल पातळच राहते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. दोन्ही तेलेच, भेद आहे तो त्यांच्यातील स्निग्धाम्लांच्या रचनेचा. शीतसहिष्णू सूक्ष्मजीव थंडीच्या चाहुलीसरशी नेमका हाच पालट करतात: आपल्या आवरणातील खोबरेलासारखे थिजणारे घटक कमी करून करडईसारखे न थिजणारे वाढवतात. त्यांची विकरेही निराळ्या घडणीची, अधिक लवचीक असतात. उष्ण प्रदेशातील विकर ज्या गारठ्यात ताठरून बसते तिथे ती वाकतात, वळतात आणि काम उरकतात. या लवचीकपणाची किंमत अशी की थोडी उष्णता वाढताच ती विस्कटून निकामी होतात. निसर्गाच्या दप्तरी कोणतीही सवलत फुकट नोंदलेली आढळत नाही.

तथापि यातला कोणताही एक जीव एकटा हे काम तडीस नेऊ शकत नाही, आणि मला या साऱ्या विषयात सर्वांत मनोज्ञ वाटते ती हीच गोष्ट. प्रयोगशाळेत असे सूक्ष्मजीवसमूह निवडण्याची रीत साधी आहे. थंड प्रदेशातील शेतातली, कुजक्या पाल्याखालची चिमूटभर माती पोषक द्रावाच्या नळीत घालायची, तिच्यात गाळणकागदाची एक पट्टी बुडवायची आणि नळी दहा-पंधरा अंशांवर ठेवून द्यायची. गाळणकागद म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. कित्येक दिवस काहीच दिसत नाही. मग द्रावाच्या पातळीपाशी पट्टी किंचित पिवळसर, बुळबुळीत होते, कडेचे धागे सुटतात, आणि एके दिवशी नळी हलवताच ती पट्टी मधोमध तुटून पिठासारखी तळाशी बसते. ज्या नळीत हे लवकर घडले तिच्यातला थेंब नव्या नळीत, नव्या कागदावर, असे पुनःपुन्हा. अशा अनेक फेऱ्यांनंतर जो उरतो तो एखादा वीर नव्हे, तर एक गोतावळा असतो, आणि त्यात असेही सभासद आढळतात की ज्यांना सेल्युलोज मुळीच पचत नाही.

मग त्यांचे तिथे प्रयोजन काय? सेल्युलोज फुटताना ग्लुकोजच्या दोन-दोन कणांच्या जोड्या सुटतात, आणि त्या साचल्या की फोडणारे विकरच मंदावते; तेव्हा ती साखर तत्परतेने खाऊन टाकणारा शेजारी हा आश्रित नसून वाट मोकळी ठेवणारा सहकारी ठरतो. कोणी तयार झालेले आम्ल शोषून द्राव आंबट होऊ देत नाही. कोणी प्राणवायू संपवून टाकतो, आणि त्यामुळेच क्लॉस्ट्रिडियमसारख्या प्राणवायू न सोसणाऱ्या, परंतु सेल्युलोज फोडण्यात निष्णात अशा जिवाणूला उघड्या हवेच्या नळीतही आसरा मिळतो. यातला एकेक वेगळा काढून वाढवावा, तर पुष्कळदा त्याच्याकडून ते काम होत नाही. आपल्याकडे बारा बलुत्यांवाचून गावगाडा चालत नसे, तसाच हा प्रकार.

शेतात या समूहाला आणखी एक मदतनीस लाभतो, आणि तो म्हणजे खुद्द गोठणे. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. ताटाच्या भेंडात मुरलेले पाणी शरदात आणि वसंतात दिवसा वितळते, रात्री गोठते, आणि या रोजच्या ताणाने साल चिरते, भेंड सुटते, विकरांना शिरायला फटी मिळतात. हिमाचा जाड थर तर मातीवर रजईसारखा पसरतो. वर वारा कापीत असताना खालचे तापमान त्या मानाने सौम्य असते, आणि मातीचे कण गोठले तरी त्यांच्याभोवती पाण्याचा सूक्ष्म पापुद्रा द्रवरूपच टिकतो. अमेरिकेत कोलोराडो राज्यातील नायवॉट रिज या पर्वतधारेवर संशोधकांनी हिमाखालची माती तपासली, तेव्हा तिथे हिवाळ्यात बुरशींचा भर आढळला आणि त्यांत तोवर अज्ञात अशा कुळांचाही समावेश होता. हे निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले, आणि हिवाळ्यात माती निजते हा समज तिथून पुढे टिकणे कठीण झाले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ईशान्य चीनची माती काळी आहे आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्याचीही काळी आहे. परंतु दोहोंच्या काळेपणाची वंशावळ एक नाही. आपली रेगूर बेसाल्ट खडकाची लेक; तिच्या रंगात त्या खडकातील खनिजांचा आणि चिकणमातीत एकजीव झालेल्या थोड्याशा सेंद्रिय अंशाचा वाटा. आपल्याकडच्या उन्हात पालापाचोळा इतक्या झपाट्याने पचतो की शिल्लक म्हणून फारसे काही उरत नाही. तिकडे उलट. तिथल्या गवताळ माळांवर हजारो वर्षे उन्हाळ्यात भरभरून गवत माजले, आणि हिवाळ्याने ते पुरते कुजू दिले नाही. दरसालच्या त्या अपूर्ण राहिलेल्या कामाची बाकी साठत जाऊन ती काळी, भुसभुशीत, जाड माती तयार झाली. जी थंडी आज ताटे कुजू देत नाही म्हणून शेतकरी त्रासतो, तिनेच त्याचे शेत घडवले आहे. नांगर लागल्यापासून ही ठेव झिजत गेली, आणि अखेरीस 2022 साली चीनला काळ्या मातीच्या संरक्षणार्थ स्वतंत्र कायदा जारी करावा लागला.

म्हणूनच कुजण्याचा वेग वाढवणे एवढेच उद्दिष्ट धरणारी तजवीज मला अपुरी वाटते. ताटातला सारा कर्ब झटपट हवेत उडून गेला, तर आगीने वर्षभराचे काम तासाभरात केले आणि सूक्ष्मजीवांनी हंगामात केले, एवढाच काय तो फरक. हवे आहे ते असे की पेरणीच्या आड येणारे कठीण अंग वेळेत मोडावे आणि मऊ, काळे, टिकाऊ अंग मातीत राहावे. जिलिनमधील लीशू तालुक्यात ताटे जमिनीवर राखून, न नांगरता पेरण्याची जी पद्धत रुजली, तिचा मार्ग हा आहे. अन्यत्र ताटे बारीक तोडून खोल गाडतात, आणि सोबत युरियाची तगाई देतात. कारण ताटात नत्राच्या मानाने कर्ब पन्नासपटीहूनही अधिक असतो, सूक्ष्मजीवांना आपली शरीरे बांधायला नत्र लागते, आणि ते वेगळे न दिल्यास ते मातीतले उचलतात व कोवळे पीक पिवळे पडते.

पेरणीपूर्वी गारठ्यात वेळेत न कुजण्याची हीच अडचण सौम्य रूपाने पंजाब-हरियाणातही भेटते. 2009 च्या भूजलरक्षणाच्या कायद्याने पंजाबात भाताची लावणी जूनमध्ये पुढे सरकली, कापणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेली, आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी जे थोडे दिवस उरले त्यांच्या रात्री गार होत चाललेल्या. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेले, गूळ आणि बेसनावर वाढवायचे बुरशीमिश्रण पेंढा मऊ करायला तीनेक आठवडे मागते. शेतकऱ्यापाशी पुष्कळदा तेवढी सवड नसते.

पेंढा किती कुजला हे मोजण्याचे साधन मात्र सर्वत्र सारखेच साधे आहे: नायलॉनच्या बारीक जाळीची तळहाताएवढी पिशवी. तिच्यात तोलून घेतलेले ताटाचे तुकडे शरदात मातीत पुरतात, आणि जमीन सैल झाली की उकरून, धुऊन, वाळवून पुन्हा तोलतात. वसंतात वर काढलेल्या अशा पिशवीतली साल बहुधा अजून शाबूत असते. पण दोन बोटांत धरून दाबली की ती चपटी होते, आतले भेंड करड्या लगद्यासारखे बाहेर येते, आणि त्यातून जाळीच्या छिद्रांवाटे आरपार मातीपर्यंत गेलेले बुरशीचे पांढरे धागे हाताला लागतात.