संगणकाच्या पोटात काय आहे ते कसे विचारावे?

(इयत्ता चौथी)



आमच्या शाळेच्या संगणकाचा माऊस दिवाळीच्या सुट्टीत मेला. माऊस म्हणजे उंदीर. खऱ्या उंदराने खोट्या उंदराची वायर कुरतडली! नवा माऊस यायला दीड महिना लागला. तोवर गुरुजींनी आम्हाला नुसत्या कीबोर्डने संगणकाच्या आतले बघायला शिकवले. ते मी आज सांगणार आहे. मला त्याची फार मोठी गरज पडली होती, तेही पुढे सांगते.

आपल्या घरात लोखंडी ट्रंक असते. ट्रंकेत पिशवी असते, पिशवीत डबी असते आणि डबीत आईची नथ असते. संगणकात असेच आहे. ट्रंक, पिशवी, डबी यांना तिथे फोल्डर म्हणतात. नथ म्हणजे फाईल. फाईल म्हणजे एखादा फोटो, एखादे गाणे किंवा लिहिलेला कागद.

आमच्या शाळेच्या संगणकावर लिनक्स आहे. त्याच्यावर कंट्रोल, आल्ट आणि टी ही तीन बटणे एकदम दाबली की एक काळी खिडकी उघडते. तिला टर्मिनल म्हणतात. त्यात एक रेघ लुकलुकत असते. ती म्हणत असते, बोला, काय काम आहे? आपण इंग्रजीतले एल आणि एस टाइप करायचे आणि एंटर दाबायचे. झाले! त्या फोल्डरात जेवढी नावे आहेत तेवढी लगेच समोर येतात. (मी इथे मराठीत लिहिले, पण बटणे इंग्रजीच दाबायची. आणि बारकी अक्षरे. मोठी काढली तर संगणक म्हणतो असा हुकूमच मला माहीत नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे पहिल्या दिवशी हेच झाले.)

एलएस म्हणजे लिस्ट, यादी. मग पूर्ण शब्द का नाही? १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्ज नावाच्या प्रयोगशाळेत केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स बनवायला सुरुवात केली. तेव्हा त्यांच्यापुढे आपल्यासारखा पडदा नव्हता. टाइपरायटरसारखे यंत्र होते, ते कागदावर खडखड छापायचे, एका सेकंदाला दहाच अक्षरे. मग माणूस शब्द तोकडे करणारच. युनिक्सचे पहिले माहितीपुस्तक १९७१ साली निघाले, त्यातसुद्धा एलएस आहे. लिनक्स नंतरचे आहे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ते १९९१ साली सुरू केले, पण हुकूम तेच ठेवले. म्हणजे माझे अण्णा जन्मले नव्हते तेव्हाचा हुकूम आम्ही चालवतो.

फोल्डर रिकामे असेल तर एलएस काहीच बोलत नाही, गप्प बसतो. त्याला घाबरू नये. आणि एलएसने काही पुसले जात नाही, बिघडत नाही. नुसते बघणे आहे. म्हणून गुरुजी पहिलीच्या मुलांनाही करू देतात.

आता नुसती नावे कळून भागत नाही. एलएस लिहून एक जागा सोडायची, मग आडवी रेघ आणि तिला चिकटून बारका एल. असे केले की एकेका नावाची एकेक लांब ओळ येते. ओळीच्या पहिल्या जागी डी असेल तर ते फोल्डर, नुसती रेघ असेल तर साधी फाईल. पुढे आर, डब्ल्यू, एक्स अशी अक्षरे असतात. कोणाला वाचायची परवानगी, कोणाला लिहायची, कोणाला चालवायची ते त्यात असते. मग मालकाचे नाव, मग फाईलचे वजन, मग शेवटची केव्हा बदलली ती तारीख आणि वेळ, आणि सगळ्यात शेवटी फाईलचे नाव.

वजनाची गंमत सांगते. वजन बाइटमध्ये असते. इंग्रजीचे एक अक्षर म्हणजे एक बाइट. मी एका फाईलीत फक्त “शाळा” लिहिले आणि वजन पाहिले तर १३ आले! मला वाटले संगणक चुकला. गुरुजी म्हणाले, मोज. आपल्याला दोन अक्षरे दिसतात, पण संगणक श वेगळा, काना वेगळा, ळ वेगळा आणि दुसरा काना वेगळा धरतो. हे झाले चार. मराठीच्या एकेकाला तीन बाइट लागतात, म्हणजे बारा. आणि ओळ संपल्याची न दिसणारी खूण एक. बारा आणि एक तेरा. मग आम्ही सगळ्यांनी आपापल्या नावांची वजने काढली. जोडाक्षरवाली मुले भारी निघाली.

आता माझी गोष्ट.

आमच्या शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक आहे. बालसभेने पाऊस मोजायचे काम माझ्याकडे दिले होते. १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत रोज सकाळी साडेआठला मी मोजले. एकूण १२२ दिवस. रविवारीसुद्धा गेले, ताप होता तेव्हाही गेले. वहीत लिहिले आणि शेवटच्या दोन दिवसांत सगळे बघून बघून संगणकात भरले. वही मी घरी आणली. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला, आमचे छप्पर गळले आणि वही भिजून तिचा लगदा झाला. शाई सगळी निळी होऊन पसरली.

सुट्टीनंतर गावात ग्रामसभा होती. ऑगस्टात पाऊस किती दिवस नव्हता ते आमचे आकडे बघून लिहून पाठवायचे, असे ठरले होते, कारण सोयाबीन तेव्हाच वाळले. सगळे म्हणाले, शाळेत लिहून ठेवले आहे. आम्ही संगणक लावला. आमच्या चौथीच्या फोल्डरात एलएस केले. सहलीचे फोटो होते, चित्रे होती. पावसाची फाईल नव्हती. परत केले. नव्हती.

मुले मला थापाडी म्हणाली. एकजण म्हणाला, हिने भरलेच नाही, वही पण मुद्दाम भिजवली. घरी अण्णा म्हणाले, “आगं, लिव्हलं हुतंस तर गेलं कुठं?” ते रागावले नाहीत, पण त्यांनाही शंका आली हे मला कळले. मी त्या रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, “बाळ, आणखी एकदा विचारून बघू.” त्यांनी एलएस, जागा, आडवी रेघ आणि बारका ए असे लिहिले. ए म्हणजे ऑल, सगळे. यादी आली. सगळ्यात वर एक टिंब, मग दोन टिंबे आणि त्याच्याखाली पाऊस! पण त्या नावाच्या आधी एक टिंब होते.

लिनक्समध्ये ज्या नावाची सुरुवात टिंबाने होते ते नाव एलएस साध्या यादीत दाखवत नाही. त्याचे कारण असे. प्रत्येक फोल्डरात एक टिंब म्हणजे ते फोल्डर स्वतः, आणि दोन टिंबे म्हणजे त्याच्या बाहेरचे फोल्डर, अशी दोन नावे असतातच. ती दर वेळी यादीत नकोत म्हणून युनिक्सवाल्यांनी सोपे केले, की टिंबाने सुरू होणारे नाव वगळा. त्यामुळे त्या दोघांबरोबर बाकीचेही टिंबवाले लपायला लागले. म्हणजे मोठ्या शास्त्रज्ञांचा जरा आळस आणि माझे एक टिंब. साडेबारा मिलिमीटर, सव्वातीन मिलिमीटर असे लिहिताना टिंब देऊन देऊन माझ्या बोटाला सवय झाली होती, ते नाव देतानाही पडले.

गुरुजींनी मग ए आणि एल दोन्ही एका रेघेला जोडून लावले. लांब ओळ आली. त्यात ३० सप्टेंबर होते आणि वेळ १६:४२, म्हणजे दुपारी पावणेपाचच्या आत तीन मिनिटे. गुरुजींनी ती ओळ सगळ्या वर्गाला मोठ्याने वाचायला लावली. (संगणकाचे घड्याळ बरोबर असेल तरच ही तारीख खरी. आमचे बरोबर होते. ते आम्ही आधी तपासले, नाहीतर परत कोणीतरी बोलले असते.) फाईल उघडली तर १२२ च्या १२२ ओळी होत्या. ऑगस्टात सलग १९ दिवस शून्य. ते आकडे ग्रामसभेत वाचले गेले आणि लिहूनही गेले. पुढे काय झाले ते अजून आलेले नाही.

ज्यांच्या घरी विंडोजचा संगणक आहे त्यांनी काळ्या खिडकीत एलएसऐवजी डी, आय, आर लिहावे. तिथे टिंबाने फाईल लपत नाही, लपवायची रीत वेगळी आहे. पण आपल्या अँड्रॉइड मोबाईलच्या आत लिनक्सच आहे, तिथे टिंब सांभाळा.

आणखी दोन गोष्टी उपयोगाच्या आहेत. रेघेपुढे बारका टी लावला तर सगळ्यात नवीन बदललेली फाईल पहिली येते. मोठा आर लावला तर ट्रंक, पिशवी, डबी सगळे उघडून आतल्याच्या आतले दाखवतो, पण यादी फार लांब पळते, डोळे दुखतात.

मला थापाडी म्हणणाऱ्याने दुसऱ्या दिवशी मला बोरे आणून दिली. आंबट होती. आता पावसाचे आकडे फाईलीत आहेत, गुरुजींच्या पेन ड्राइव्हवर आहेत आणि शेजारच्या फळ्यावर मी सगळे हाताने लिहून लावले आहेत. पालकांनी ते बघून जावे. फाईलीच्या नावातले टिंब मी स्वतः काढले.